मतं कमी, तरी सरकार आमचंच: कॅनडाचं राजकारण, एका हरणाऱ्या पक्षाच्या समर्थकाकडून

ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅनडात केंद्रीय निवडणूक झाली. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३४.३ टक्के मतं पडली, लिबरल पक्षाला ३३.१ टक्के. लिबरल दोन लाखांहून जास्त मतांनी मागे होते. जागा मात्र लिबरलांच्या १५७ आल्या, कॉन्झर्व्हेटिव्हांच्या १२१. जस्टिन ट्रूडो पुन्हा पंतप्रधान झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी मुदतीआधीच निवडणूक घेतली, पुन्हा मतांत हरले, पुन्हा जागांत जिंकले, आणि त्या रात्री जनतेने स्पष्ट कौल दिलाय असं चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगितलं.

भारतातून नातेवाईक विचारतात, हे कसं काय चालतं तुमच्याकडे? उत्तर लांबलचक आहे, आणि ते तटस्थपणे द्यायचा माझा अजिबात विचार नाही. मी नारंगी बाजूचा माणूस. इथे लाल म्हणजे लिबरल, निळा म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह आणि नारंगी म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, थोडक्यात एनडीपी: कामगार संघटनांच्या अंगाखांद्यावर वाढलेला डावा पक्ष. ‘नारंगीवाल्यांना मत दिलं’ असं महाराष्ट्रात कुणाला सांगितलं की समोरचा एकतर खूश होतो किंवा गप्प होतो, आणि दोन्ही वेळा चुकीच्या कारणाने. आमच्या पक्षाने केंद्रात आजवर एकदाही सरकार बनवलेलं नाही. तेव्हा माझ्या बोलण्यात कडवटपणा आढळला तर तो मुरलेला आहे असं समजा.

यंत्रणा भारतीय वाचकाला नवी नाही. देशाचे मतदारसंघ (२०२१ पर्यंत ३३८, आता ३४३), प्रत्येकात एक खासदार, ज्याला सर्वांत जास्त मतं त्याची जागा. निम्मी मतं मिळायलाच हवीत अशी अट नाही. ही पद्धत दोन्ही देशांनी ब्रिटनकडून घेतली. २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांत लोकसभेच्या २८२ जागा मिळाल्या, त्या याच गणिताने. कॅनडात तर चार-पाच पक्ष आहेत आणि त्यांची मतं अवाढव्य देशात अगदी विचित्र पसरलेली आहेत. तुम्हाला मतं किती मिळाली याच्याइतकंच ती कुठे मिळाली याला महत्त्व आहे.

कॉन्झर्व्हेटिव्हांचंच बघा. २०१९ मध्ये तेलवाल्या अल्बर्टा प्रांतात त्यांना ६९ टक्के मतं मिळाली आणि ३४ पैकी ३३ जागा. शेजारच्या सॅस्कॅचेवानमध्ये ६४ टक्के मतं आणि १४ पैकी १४ जागा. ऐकायला झकास. पण ३५ गुणांना पास करणाऱ्या परीक्षेत ८० मिळवले म्हणून कुणी दोनदा पास करत नाही. तिथली लाखो निळी मतं नुसती विजयाच्या ढिगावर ढीग रचत बसली. लिबरलांना या दोन्ही प्रांतांत त्या वर्षी एकही जागा मिळाली नाही, आणि त्यांना त्याचं फारसं दुःखही नव्हतं. टोरांटो शहरातल्या पंचवीसच्या पंचवीस जागा त्यांनी जिंकल्या होत्या. टोरांटोभोवतीच्या उपनगरांत चाळीसेक टक्क्यांत जागा निघतात. तेवढी मतं तेवढ्याच ठिकाणी मिळवायची आणि बाकी देश वाऱ्यावर सोडायचा, हे शास्त्र लिबरलांइतकं कुणाला साधलेलं नाही.

ब्लॉक केबेक्वा हा पक्ष फक्त क्युबेक प्रांतात उमेदवार उभे करतो. २०१९ मध्ये त्यांना जवळपास १४ लाख मतं मिळाली आणि ३२ जागा. ग्रीन पार्टी देशभर लढली, जवळपास १२ लाख मतं मिळवली, जागा तीन. आमच्या एनडीपीला ब्लॉकच्या दुपटीहून जास्त, म्हणजे १६ टक्के मतं होती. जागा चोवीस. २०२१ मध्ये उजव्या टोकाच्या पीपल्स पार्टीला आठ लाखांहून जास्त मतं पडली आणि जागा शून्य. त्यांचे विचार मला झेपत नाहीत, पण आठ लाख माणसं मत देऊन घरी गेली आणि संसदेत त्यांचा एकही माणूस नाही, हे मला बरं वाटावं इतका मी अजून निर्ढावलेलो नाही.

या गणिताचा सर्वांत क्रूर निकाल १९९३ चा. सत्तेत असलेल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १६ टक्के मतं मिळाली आणि संपूर्ण देशात दोन जागा. होय, दोन. पंतप्रधान किम कॅम्पबेल स्वतः पडल्या. त्यांच्या पक्षापेक्षा कमी मतं मिळवलेला ब्लॉक ५४ जागा घेऊन अधिकृत विरोधी पक्ष झाला. देशातून फुटून निघण्यासाठी स्थापन झालेला पक्ष ‘महाराणीच्या एकनिष्ठ विरोधी पक्षा’च्या (विरोधी पक्षाचं हे इथलं औपचारिक नाव) बाकांवर जाऊन बसला. असली पटकथा कुणी लिहिली असती तर निर्मात्याने फेकून दिली असती.

आता सरकार कोणाचं, हा प्रश्न. निवडणूक झाली म्हणून इथे पंतप्रधान आपोआप जात नाही. सभागृहाचा विश्वास आहे तोवर तो खुर्चीत. सर्वांत मोठ्या पक्षालाच बोलवायचं असं कुठे लिहिलेलं नाही. १९२५ मध्ये लिबरलांचे मॅकेन्झी किंग जागांमध्ये कॉन्झर्व्हेटिव्हांच्या मागे पडले, स्वतःच्या मतदारसंघातही हरले, आणि तरी प्रोग्रेसिव्ह नावाच्या शेतकऱ्यांच्या पक्षाच्या पाठिंब्यावर पंतप्रधान राहिले. नंतर प्रिन्स अल्बर्ट नावाच्या मतदारसंघाची जागा मोकळी करून घेऊन पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. पुढच्या वर्षी गव्हर्नर जनरल लॉर्ड बिंग यांनी संसद बरखास्त करायला नकार देऊन कॉन्झर्व्हेटिव्हांच्या हाती सरकार दिलं, ते काही दिवसांत कोसळलं, आणि किंग ‘लाटसाहेब आपल्या कारभारात नाक खुपसतोय’ अशी हाळी देत निवडून आले. पहाटेचे शपथविधी पाहिलेल्या मराठी वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही. हेच किंग एकूण एकवीसेक वर्षं पंतप्रधान होते आणि खासगीत मांत्रिक बैठकांत बसून दिवंगत आईशी बोलायचे. त्यांच्या रोजनिशीत सगळं लिहून ठेवलेलं आहे. जिवंत मतदारांनी नाकारलं तरी या माणसाचं काही अडत नसे, याचं मला तरी नवल वाटत नाही.

पक्षांतरबंदी कायदा कॅनडात नाहीच, त्यामुळे गुवाहाटीत हॉटेल घ्यावं लागत नाही. सभागृहातल्या सभागृहात बाक बदलला की झालं. मे २००५ मध्ये पॉल मार्टिन यांचं अल्पमतातलं लिबरल सरकार अर्थसंकल्पावर पडणार अशी चिन्हं होती. मतदानाच्या दोन दिवस आधी कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार बेलिंडा स्ट्रॉनक लिबरलांत गेल्या आणि तडक मंत्री झाल्या. मतं पडली १५२ विरुद्ध १५२. अध्यक्षांच्या निर्णायक मतावर सरकार तरलं. कॉन्झर्व्हेटिव्हांनी नीतिमत्तेवर उत्तम भाषणं केली. पुढच्या जानेवारीत ते स्वतः जिंकले, आणि लिबरलांच्या तिकिटावर नुकतेच निवडून आलेले डेव्हिड इमर्सन दोन आठवड्यांत स्टीफन हार्पर यांच्या मंत्रिमंडळात शपथ घेताना दिसले. त्या दिवशी भाषणं लिबरलांनी केली.

पण माझं खरं भांडण आहे ते एका आश्वासनावरून.

जून २०१५. ट्रूडोंचा लिबरल पक्ष तेव्हा संसदेत तिसऱ्या क्रमांकावर होता. तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या पक्षाला निवडणूक पद्धतीतला अन्याय फार स्वच्छ दिसतो. ट्रूडोंनी जाहीर केलं की २०१५ ची निवडणूक या जुन्या पद्धतीने होणारी शेवटची असेल. आमच्यासारख्या कित्येकांनी या एका वाक्यावर भाळून लाल रंगाला मत दिलं. ऑक्टोबरमध्ये निकाल लागला: लिबरलांना ३९.५ टक्के मतं आणि ३३८ पैकी १८४ जागा. ज्या पद्धतीने चाळीस टक्क्यांच्या आत पूर्ण बहुमत पदरात टाकलं, तिच्यात खोट काढायची इच्छा मग हळूहळू मावळत गेली.

ती कशी मावळली हे बघण्यासारखं आहे. आधी सर्वपक्षीय समिती नेमली. बारा सदस्य, त्यांत लिबरल पाचच, म्हणजे दिसायला अगदी उदार. समितीने देशभर सुनावण्या घेतल्या आणि डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला: प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे जितके टक्के मतं तितके टक्के जागा अशी, पद्धत आखा आणि तिच्यावर सार्वमत घ्या. मतांची टक्केवारी आणि जागांची टक्केवारी यांत किती तफावत चालेल, हे मोजायला समितीने गॅलघर निर्देशांक नावाचं सूत्र सुचवलं. हा विषय सांभाळणाऱ्या मंत्री मरियम मन्सेफ यांनी ते सूत्र छापलेला कागद सभागृहात फडकवून त्याची टर उडवली आणि समितीने कष्टाचं काम केलंच नाही असं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माफी मागितली. मग सरकारने एक ऑनलाइन प्रश्नावली काढली. तिच्यात तुमची मूल्यं काय, तुम्हाला सहकार्य आवडतं का, असं बरंच विचारलं होतं. कोणती निवडणूक पद्धत हवी, हे तेवढं विचारलं नव्हतं. जानेवारीत मंत्री बदलल्या. १ फेब्रुवारी २०१७ रोजी नव्या मंत्री करीना गूल्ड यांनी सांगितलं की लोकांमध्ये एकमत दिसत नाही, सबब विषय बंद.

कॅनडात गेंडा पक्ष म्हणून १९६३ मध्ये निघालेला एक थट्टेखोर पक्ष आहे. गुरुत्वाकर्षणाचा नियम रद्द करू, असं त्यांनी जाहीरनाम्यात म्हटलेलं आहे. त्यांचं मूळ आश्वासन मात्र एकच: निवडून आलो तर एकही आश्वासन पाळणार नाही. प्रामाणिकपणाच्या कसोटीवर मी त्यांना २०१५ च्या लिबरलांच्या वर ठेवतो.

ट्रूडोंना बदल नकोच होता असंही नाही. त्यांना वेगळा बदल हवा होता: मतपत्रिकेवर उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यायची आणि निम्म्याहून जास्त मतं होईपर्यंत तळच्या उमेदवारांची मतं पुढच्या पसंतीकडे वळवत न्यायची. कल्पना वाईट नाही. पण कॅनडात सगळ्यांची दुसरी पसंती कोण? एनडीपीवाला निळ्याला घाबरून दुसरं मत लिबरलला देणार, ग्रीनवाला तेच करणार, आणि बऱ्याच मवाळ कॉन्झर्व्हेटिव्हांनाही आमच्यापेक्षा लिबरल परवडतात. मधोमध बसलेल्या पक्षासाठी याहून सोयीची पद्धत शोधून सापडणार नाही. प्रमाणशीर पद्धतीत मात्र ३३ टक्के मतं म्हणजे सुमारे ३३ टक्के जागा, आणि विषय तिथेच संपतो. जानेवारी २०२५ मध्ये राजीनाम्याची घोषणा करताना ट्रूडोंनी निवडणूक पद्धत बदलता आली नाही याची खंत बोलून दाखवली, आणि तेव्हाही बोलले ते त्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीबद्दलच.

मग दोनदा जास्त मतं मिळवून हरलेले कॉन्झर्व्हेटिव्ह का बोंब मारत नाहीत? कारण २०११ त्यांच्या स्मरणात आहे. त्या वर्षी हार्पर यांना ३९.६ टक्के मतांत पूर्ण बहुमत मिळालं होतं. आज ना उद्या तोच मटका पुन्हा आपल्याला लागेल, या आशेवर ते आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनडीपीने नुसती नागरिकांची सभा भरवून या प्रश्नाचा विचार करू द्या, एवढाच ठराव आणला. तोही पडला. लाल आणि निळे एरवी हवामानावरही एकमत करत नाहीत. इथे बहुसंख्य लाल आणि जवळपास सगळे निळे एका रांगेत उभे राहिले.

प्रांतांतले प्रयोगही असेच अडले. ब्रिटिश कोलंबियात २००५ च्या सार्वमतात ५७ टक्क्यांहून जास्त लोकांनी नव्या पद्धतीला होकार दिला, पण अट साठ टक्क्यांची होती. म्हणजे ३९ टक्क्यांत देशाची पूर्ण सत्ता हातात घेता येते, आणि ती पद्धत बदलायला ५७ टक्के पुरत नाहीत. प्रिन्स एडवर्ड आयलंडने २०१६ मध्ये होकार दिला, तर मतदान कमी झालं म्हणून तो मोजला नाही. पुढे ब्रिटिश कोलंबियाने २०१८ मध्ये साफ नकार दिला हेही खरं, आणि ओंटारियोने तर २००७ मध्येच दिला होता. आमच्या बाजूला लोकांना समजेल असं बोलता येत नाही, हाही त्यातला भाग आहे. सार्वमताच्या पत्रकात सूत्रं छापणारे आम्हीच.

प्रमाणशीर पद्धतीवरचा नेहमीचा आक्षेप असा की कुणालाच बहुमत मिळणार नाही, सगळी कडबोळ्यांची सरकारं येतील. मला तर हेच तिचं खरं बलस्थान वाटतं. १९६३ ते १९६८ या काळात लेस्टर पिअरसन यांना एकदाही बहुमत मिळालं नाही. त्याच पाच वर्षांत मेपलच्या पानाचा झेंडा आला, कॅनडा पेन्शन योजना आली आणि देशभरातल्या सरकारी आरोग्य विम्याचा कायदा झाला. त्या विम्याची पहिली सुरुवात १९६२ मध्ये सॅस्कॅचेवानमध्ये आमच्या लोकांनी केली होती, डॉक्टरांचा संप अंगावर घेऊन. २०२२ मध्ये एनडीपीने ट्रूडोंच्या अल्पमतातल्या सरकारला पाठिंब्याचा करार करून दिला आणि त्या बदल्यात कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी दातांच्या उपचारांची योजना काढून घेतली. इथे दात काढायला गेलं की खिसाही मोकळा होतो, त्यामुळे हे लहान काम नव्हे. कल्पना आमची, फीत त्यांनी कापली. हा साठ वर्षांचा रिवाज आहे. एकहाती बहुमत मिळालं की मात्र लिबरल डावीकडून प्रचार करतात आणि उजवीकडून राज्य.

आता २०२५. वर्षाच्या सुरुवातीला जनमत चाचण्यांत कॉन्झर्व्हेटिव्ह वीसेक टक्क्यांनी पुढे होते. त्यांचे नेते पियेर पोलिएव यांचं अख्खं राजकारण तीन-तीन इंग्रजी शब्दांच्या घोषणांवर उभं: कर तोडा, घरं बांधा, गुन्हे थांबवा. यातला कर म्हणजे पेट्रोल-गॅसवरचा कार्बन कर. त्याचा बराचसा पैसा दर तीन महिन्यांनी लोकांच्या खात्यात परत जमा व्हायचा, पण ‘परतावा मिळतो हो’ ही काही घोषणा होत नाही. दोन वर्षं पोलिएव हा एकच राग आळवत होते.

त्याच सुमारास तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी २०२४ च्या डिसेंबरमध्ये राजीनामा फेकला आणि महिन्याभरात ट्रूडोंनी जातो म्हणून सांगितलं. डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनडा अमेरिकेचं ५१ वं राज्य व्हावं असं म्हणत आयात शुल्काचा बडगा उगारला. आणि लिबरलांनी मार्क कार्नी यांना नेता केलं: कॅनडाच्या आणि नंतर इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर, जन्मात कुठलीही निवडणूक न लढलेले. १४ मार्चला त्यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी सामान्य ग्राहकांवरचा कार्बन कर शून्यावर आणायच्या कागदावर सही केली. पोलिएव यांची घोषणा लिबरलांनी उचलून पळवली आणि राबवूनही टाकली. शेवटचा परतावा मतदानाच्या आठवडाभर आधी लोकांच्या खात्यात पडला. कर बंद, पैसे चालू. मी विरोधक असलो तरी या कामाला दाद दिली.

२८ एप्रिलच्या रात्री लिबरलांना ४३.८ टक्के मतं आणि १६९ जागा मिळाल्या, कॉन्झर्व्हेटिव्हांना ४१.३ टक्के आणि १४४. म्हणजे हार्पर यांना ज्या टक्केवारीवर बहुमत मिळालं होतं, तिच्याहून जास्त मतं घेऊन पोलिएव हरले. ट्रम्पच्या भीतीने आमचे मतदार लोंढ्याने लाल झाले. ‘या वेळी मत वाया घालवू नका’ हे वाक्य मी त्या महिन्यात इतकं ऐकलं की ते एखाद्या पक्षाचं नाव वाटायला लागलं. ब्लॉकला आणि एनडीपीला साधारण सारखीच, ६.३ टक्के मतं मिळाली. ब्लॉकला २२ जागा, आम्हाला सात. संसदेत अधिकृत पक्ष म्हणून मान्यता मिळायला बारा लागतात. आमचे नेते जगमीत सिंग स्वतःच्या मतदारसंघात तिसरे आले आणि त्याच रात्री पद सोडत असल्याचं सांगून मोकळे झाले. टेरबॉन मतदारसंघात फेरमोजणीनंतर लिबरल उमेदवार एका मताने पुढे निघाल्या. नंतर कळलं की ब्लॉकला दिलेलं टपालाचं एक मत पाकिटावर पिनकोड चुकीचा छापल्यामुळे मतदाराकडे परत आलं होतं. पिनकोड निवडणूक कार्यालयानेच छापला होता. प्रकरण कोर्टात गेलं.

आणि पोलिएव? ते ओटावाजवळच्या कार्लटनमध्ये साडेचार हजार मतांनी पडले. तिथल्या मतपत्रिकेवर ९१ नावं होती आणि ती जवळपास एक मीटर लांब होती. निवडणूक पद्धत बदला, या मागणीसाठी काही कार्यकर्ते ठरवून एका मतदारसंघात शेकड्याने उमेदवार उभे करतात, त्याचा हा प्रताप. इथे मतं कागदावर पेन्सिलीने देतात आणि हाताने मोजतात. त्या चादरी उलगडून मोजता मोजता कर्मचाऱ्यांची पहाट झाली. पोलिएव यांच्यासाठी मग अल्बर्टातल्या एका खासदाराने आपली सुरक्षित जागा सोडली; किंग यांची १९२६ ची युक्ती शंभर वर्षांनी कॉन्झर्व्हेटिव्हांनी वापरली. ऑगस्टमधल्या त्या पोटनिवडणुकीत दोनशेहून जास्त उमेदवार उभे राहिले. निवडणूक कार्यालयाने नावं छापायचा नाद सोडला आणि मतदारांना कोरी रेघ दिली: हवं ते नाव लिहा. पोलिएव यांना ८० टक्क्यांच्या आसपास मतं पडली. लोकांना त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग यायला हवं अशी अट नव्हती; कुणाला मत द्यायचंय एवढं कळलं की पुरे होतं, आणि फ्रेंच वळणाचं ते आडनाव लिहिताना पाहून ती अट नव्हती तेच बरं झालं असणार.